साहेबाचा नकाशा आणि इंदूअक्का

"तुमचा सोफा आत जाणार नाही." इंदूअक्का माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

पुण्याहून बेंगळुरूला बिऱ्हाड हलवलं, त्या दिवसाची गोष्ट. व्हाइटफील्डच्याही पुढे, पूर्वी जिथे नाचणीची शेतं होती म्हणतात, तिथल्या एका सोसायटीत आम्ही चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. हमाल सोफा कधी आडवा, कधी उभा करून दारात कोंबत होते आणि माझा नवरा "थोडा लेफ्ट, थोडा लेफ्ट" करत त्यांच्याभोवती नाचत होता. तेवढ्यात समोरचं दार उघडलं. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी बाई. इरकली साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि हातात फूटभर लांबीची स्टीलची पट्टी.

"दार चौतीस इंच. सोफ्याची पाठ छत्तीस, वर स्वल्प. पाय काढा त्याचे."

"पाय निघत नाहीत हो काकू," नवरा म्हणाला.

"निघतात की. उलटा करून बघा आधी."

निघाले. सोफा आत गेला. बाईंनी पट्टी पुसली, "मराठी वाटतं? मी इंदू. अक्का म्हणा, सगळे तेच म्हणतात. कॉफी ठेवतो मी," असं म्हणून त्या आत गेल्या. "ठेवतो" ऐकून नवऱ्यानं माझ्याकडे चमकून पाहिलं. बेळगावकडच्या बायका "मी येतो, मी जातो" असंच बोलतात हे आम्हा पुणेकरांना तोवर माहीत नव्हतं.

अक्का बेळगावजवळच्या एका खेड्यातल्या शाळामास्तरांची मुलगी. विसाव्या वर्षी बेंगळुरूच्या एका सरकारी यंत्र कारखान्यात नकाशे काढायला लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. यजमान त्याच कारखान्यात ओतशाळेत होते. ते जाऊन वीसेक वर्षं झाली होती. एक मुलगी, ती बेळगावला कॉलेजात शिकवते. अक्का इथे एकट्याच राहायच्या, पण एकट्या अशा कधी नसायच्याच. भाजीवाल्याशी कानडी, इस्त्रीवाल्याशी तमिळ, लिफ्टमध्ये कारखान्यातलं मोडकंतोडकं इंग्रजी आणि माझ्याशी मराठी. चारही भाषांत त्यांचं एकच टुमणं असायचं: "मोजलंय काय?"

"अंदाजे" या शब्दाचा त्यांना इतका तिटकारा होता की कुणी "अंदाजे दहा मिनिटं लागतील" म्हटलं की त्या घड्याळ काढून बसायच्या. पेन्सिलीला टोक ब्लेडनेच करायच्या. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर सगळं लिहायचं. फ्रिजमधल्या भाजीपासून लिफ्ट किती वेळा बंद पडली इथपर्यंत. आणि न पाहिलेल्या गोष्टीबद्दल त्या कधीही ठाम बोलायच्या नाहीत. "बघितलं नाही, माहीत नाही." पुष्कळांना हा आखडूपणा वाटायचा. मला मात्र त्यांचा एक प्रसंग आठवतो. गच्चीवरची टाकी भरून वाहिली म्हणून त्या एकदा वॉचमनला बोलल्या. दुसऱ्या दिवशी बघतात तर वॉल्व्हच बिघडलेला. तेव्हा चार मजले उतरून, गेटवर जाऊन, सहा माणसांदेखत त्या त्याला म्हणाल्या, "काल मी चुकलो. न बघता बोललो." तो बिचारा उभ्या उभ्या लाजला.

कारखान्याच्या गोष्टी त्या सहसा सांगायच्या नाहीत. एकच सांगितली, तीही मी खोदून विचारलं तेव्हा.

त्यांच्या कारखान्यात एक परदेशी यंत्र होतं. विलायतेतल्या एका कंपनीचं. त्यातला एक दाते असलेला भाग वारंवार झिजायचा आणि दरवेळी तो तिकडून मागवावा लागायचा. तो यायला सहा सहा महिने लागत. तोवर यंत्र बंद, माणसं बसून. कंपनीकडे त्या भागाचा नकाशा मागितला तर उत्तर यायचं, "नकाशा देण्याचं करारात नाही." एकदा त्यांचा इंजिनियर तपासणीला आला होता. अक्का तेव्हा बावीस-तेवीस वर्षांच्या. त्यांनी धीर करून त्याला विचारलं, "हा भाग आम्ही इथे केला तर?" तो वाईट माणूस नव्हता म्हणे. हसला, खांद्यावर हात ठेवल्यासारखं बोलला, "मुली, हे तुमच्याच्यानं व्हायचं नाही. आणि गरज काय? आम्ही पाठवतोच आहोत की."

"तेवढं 'गरज काय' मला लागलं बघ," अक्का म्हणाल्या. "नाही म्हणाला असता तर चाललं असतं."

त्यांनी मोडका भाग स्टोअरमधून मागून घेतला. झिजलेले दाते मोजून मूळ दाता कसा असेल हे शोधायचं, म्हणजे बोळक्या तोंडावरून तरुणपणीचं हसू ओळखण्यासारखं काम. अकरा दिवस त्या त्याच्याशी झटल्या. इंचाचं माप मिलिमीटरमध्ये नेताना कुठे तरी केसभर चूक राहायची. पहिला भाग बसला नाही. दुसरा बसला पण आवाज करत राहिला. तिसरा बसवला, यंत्र सुरू केलं, आणि शेडमधला जुना फोरमन यंत्राला कान लावून दोन मिनिटं उभा राहिला. मग त्यानं टोपी काढून अक्कांच्या डोक्यावर ठेवली.

"मग तो इंजिनियर पुन्हा आला का?" मी विचारलं.

"आला की. नकाशा बघितला. खाली माझी सही होती ती बघितली. म्हणाला, छान काढलाय. एक प्रत मिळेल काय?"

"दिलीत?"

"दिली तर! आम्ही कशाला लपवून ठेवू?" आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की कॉफी सांडली.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष होते प्रधानसाहेब. मुंबईचे, चौऱ्याहत्तर वर्षांचे, ताठ कण्याचे, रोज सकाळी पांढऱ्या शॉर्ट्समध्ये टेनिस खेळणारे. आसामात एका इंग्रज मालकीच्या चहाच्या कंपनीत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. "इंग्रज असते तर" हे त्यांचं पालुपद. लिफ्ट बंद पडली की इंग्रज असते तर. रस्ता खोदला की इंग्रज असते तर. त्यात लबाडी नव्हती. कोवळ्या वयात ज्या माणसानं त्यांना काम शिकवलं, वेळ पाळायला शिकवलं, आजारपणात स्वतः बंगल्यावर ठेवून घेतलं, तो इंग्रज होता. एवढीच त्यांची गोष्ट.

एका स्वातंत्र्यदिनी क्लबहाउसमध्ये ज्येष्ठांचा वादविवाद ठेवला. विषय प्रधानांनीच दिला: इंग्रजी राजवटीमुळे देश अधिक स्वतंत्र आणि समृद्ध झाले का? स्वतः बाजूनं बोलायला उभे राहिले, आणि फार छान बोलले. रेल्वे, टपाल, कोर्टकचेऱ्या, कॉलेजं. "आज या हॉलमधला प्रत्येकजण इंग्रजीवर पोट भरतो आहे. ते जिथे जिथे गेले तिथे मागे निवडणुका ठेवून गेले, वर्तमानपत्रं ठेवून गेले. जी भाषा बोलून आपण त्यांना हाकललं, तीसुद्धा त्यांचीच." टाळ्या पडल्या.

विरुद्ध बाजूनं अक्कांचं नाव कुणीतरी घातलं होतं. त्या उठल्या. "माझ्या आजोबांना इंग्रजांच्या शाळेमुळे मास्तरकी मिळाली. माझ्या आजीच्या माहेरचे माग इंग्रजांच्या कापडामुळे बंद पडले. एका घरात दोन्ही झालं. बेरीज काय येते ते मला माहीत नाही. मी मोजलेलं नाही." आणि बसल्या.

हॉल हसला. बक्षिसाचा थर्मास प्रधानांना मिळाला. घरी येताना जिन्यात अक्का मला म्हणाल्या, "वृंदा, मी हरलो त्याचं काही नाही. पण 'माहीत नाही' म्हटल्यावर हसले गं सगळे. त्याचं वाटलं."

पुढचा उन्हाळा आला तो शहराचा घसा कोरडा करत. आमच्या चारही बोअरवेल एकापाठोपाठ आटल्या. दिवसातून दोन तास पाणी. गेटवर टँकरची रांग, आणि टँकर कुणाचा आधी यावरून ब्लॉकाब्लॉकांत भांडणं. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे एक तळं होतं. होतं म्हणायचं. भेगाळलेली जमीन, कडेला झुडपं आणि मध्ये पोरांचं क्रिकेट. अक्का संध्याकाळी तिकडे फिरायला जायला लागल्या आणि तिथे त्यांना मुनियप्पा भेटले.

मुनियप्पा मागच्या जुन्या गावातले. ऐंशीच्या आसपासचे, दोन गायी चारायला आणायचे. त्यांचं घराणं नीरगंटीचं, म्हणजे गावाच्या पाण्याचं राखणदार. तळ्याची मोरी, म्हणजे पाणी सोडायचं दार, कधी उघडायची, कुणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचं, कालव्यातला गाळ कधी काढायचा, हे सगळं पूर्वी त्या घराकडे असे आणि त्याबद्दल त्यांना इनाम जमीन असे.

"मग आता पाणी का येत नाही अण्णा?" अक्कांनी विचारलं.

"कुठून येणार अक्का? पाण्याची वाट तुमच्या भिंतीखाली गेली."

अक्का त्यांना दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या कमिटीसमोर घेऊन आल्या. मीही होते. मुनियप्पांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि उभ्यानंच सांगितलं: वरच्या माळावरचं पाणी कालव्यानं तळ्यात यायचं. तो कालवा इथून, या आवारातून जायचा. बिल्डरनं तो बुजवला. कुणीतरी विचारलं, "काही कागद आहे?" ते म्हणाले, "मी आहे की." दोघंतिघं हसले. प्रधान सौजन्यानं म्हणाले, "तोंडी गोष्टीवर काही ठरवता येत नाही, बाबा." अक्का उठून स्वतःची खुर्ची त्यांना द्यायला लागल्या, पण तोवर ते मागे वळले होते.

 दुसऱ्या दिवशी सकाळी आठला अक्कांनी आमची बेल वाजवली. "गाडी काढतेस? सर्व्हे ऑफिसला जायचंय."

भूमापन कार्यालयात आम्ही तीनदा गेलो. पहिल्या दोन वेळा कारकुनानं मान वर न करता "नाळे बन्नी" सांगितलं. उद्या या. तिसऱ्या वेळी अक्का डबा घेऊन गेल्या आणि बाकावर बसून राहिल्या. शेवटी एक तरुण सर्व्हेअर मुलगी आली, तिनं विचारपूस केली आणि गावाचा सगळ्यात जुना नकाशा काढून दिला. कापडावर चिकटवलेला, कडा तपकिरी झालेल्या.

अक्कांनी तो टेबलावर पसरला आणि कितीतरी वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं कालवा शोधताहेत. तर म्हणतात, "काय हात आहे गं याचा! ही रेघ बघ. कुठे थरथर नाही." खाली एका इंग्रज अधिकाऱ्याची झोकदार सही होती. म्हैसूरच्या राजाला बाजूला बसवून पन्नासएक वर्षं साहेबाचा कमिशनर इथला कारभार बघत होता, त्या काळातला तो नकाशा. आणि त्यात, वरच्या माळापासून निळ्या तळ्यापर्यंत, दोन बारीक रेघांचा कालवा स्पष्ट दाखवला होता.

मापं साखळीत होती. तेहतीस फुटांची एक साखळी, तिचे सोळा आणे. अक्कांनी तिथेच बसून सगळं मीटरमध्ये केलं. मग रविवारी आम्ही दोघी बाहेर पडलो. देवळाच्या आवारात जुना हद्दीचा दगड अजून उभा होता. तिथून टेप धरायची सुरुवात. मी एका टोकाला, अक्का दुसऱ्या. वीस साखळ्या पूर्वेला, मग वळण. किराणा दुकान, एक गॅरेज, आमची भिंत. आत येऊन पुन्हा मोजणी. शेवटच्या मापाला अक्का जिथे थांबल्या ते प्रधानांचं टेनिस कोर्ट होतं. त्याचा एक कोपरा बारा महिने ओला असायचा आणि कितीही वेळा दुरुस्त केला तरी तडकायचा. अक्का त्या तड्यावर उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

बातमी फुटली आणि अक्कांचे वाईट दिवस सुरू झाले. कालवा कागदावर आला तर सरकार येऊन इमारत पाडेल, फ्लॅट कुणी घेणार नाही, म्हातारीला काय, ती आज आहे उद्या नाही. असे मेसेज फिरले. लिफ्टमध्ये लोक त्यांना बघून मोबाइलमध्ये तोंड घालायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर तोंडावर विचारलं, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?" अक्का म्हणाल्या, "मी सी ब्लॉकची. माझ्या पण नळाला पाणी नाही." पण त्या आठवड्यात त्यांनी कॉफी कमी केली होती आणि पेन्सिली उगाचच तासत बसायच्या. मी म्हटलं, "अक्का, सोडून द्यायचं का?" त्या म्हणाल्या, "मोजलं नसतं तर सोडलं असतं गं. आता कसं सोडू?"

सगळ्या रहिवाशांची सभा बोलावली. हॉल खच्चून भरलेला. अक्कांनी स्वतः काढलेला मोठा नकाशा भिंतीवर लावला आणि कारखान्यातल्या इंग्रजीत बोलायला लागल्या.

"पावसाळ्यात आपलं बेसमेंट भरतं. तीन पंप लावून आपण ते पाणी रस्त्यावर फेकतो. उन्हाळ्यात टँकर बोलावतो. हे दोन वेगळे प्रॉब्लेम नाहीत. ते तेच पाणी आहे. त्याला जायला वाट पाहिजे, ती आपण अडवली. वाट दिली तर ते तळ्यात जाईल, तळं भरलं तर आपल्या बोअर भरतील. इमारत कालव्यावर नाही. मी मोजलंय. फक्त टेनिस कोर्ट आहे."

गलका झाला. कोण म्हणे बिल्डरला पकडा, कोण म्हणे हा नकाशाच खोटा. प्रधानांनी हात वर करून शांत केलं, चष्मा बदलला आणि जुन्या नकाशाची प्रत मागितली. ते ती वाचत राहिले. अक्षरं, खुणा, खालची सही.

"तुमच्याच साहेबाचा आहे, प्रधानसाहेब," अक्का म्हणाल्या. "खोटा म्हणायचा तर तुम्ही म्हणा."

 ते कोर्ट प्रधानांनीच पाठपुरावा करून बांधून घेतलं होतं. दिवसातला एकच तास त्यांचे गुडघे त्यांचं ऐकायचे, आणि तो तास ते तिथे घालवायचे. मग ते उभे राहिले. "मी आयुष्यभर सांगत आलो की त्यांचं काम पक्कं असायचं. आज ते माझ्या गैरसोयीचं निघालं म्हणून कच्चं म्हणू? ते कोर्ट सकाळी वापरणारा मी. तोडा म्हणणारा पहिला हात माझा." आणि हात वर केला. एकेक करत हॉलभर हात वर झाले.

मी आनंदानं अक्कांना मिठीच मारली. पण बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा काही फुललेला नव्हता. "साहेबाची सही बघितली आणि हात वर झाले. मुनियप्पानं हेच सांगितलं होतं महिन्यापूर्वी. त्याला खुर्चीसुद्धा दिली नाही आपण. आणि आपण स्वतंत्र म्हणे!"

दुसऱ्या दिवशी त्या प्रधानांकडे गेल्या. खोदाई मुनियप्पांच्या देखरेखीखाली होणार असेल तरच मी यात आहे, म्हणाल्या. प्रधान स्वतः गावात गेले, मुनियप्पांना गाडीत बसवून आणलं, आणि हॉलमध्ये खुर्ची ओढून दिली. मी ते डोळ्यांनी पाहिलं.

सर्व्हे खात्याची ती मुलगी येऊन माप पडताळून गेली, परवानग्या आल्या, जेसीबी लागला. कोर्ट फुटलं. दोन दिवस नकाशातल्या रेघेवर खोदलं, पण कालव्याचा मागमूस नाही. नुसती लाल माती. लोक पुन्हा कुजबुजायला लागले. अक्का खड्ड्याच्या काठावर कागद घेऊन उभ्या, ओठ घट्ट मिटलेले.

मुनियप्पा इतका वेळ झाडाखाली बसले होते. ते उठून आले. "अक्का, इथे नाही. आजोबा सांगायचे, एका मोठ्या पुरात कालव्याचं तोंड फुटलं. मग गावानं वळण बदललं. दगड लावून." ते चालायला लागले, मोजून नाही, आठवून. नऊ पावलं उत्तरेला जाऊन थांबले आणि काठी टेकवली. "इथे."

प्रधानांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी नकाशाची घडी घातली आणि जेसीबीवाल्याला म्हणाल्या, "अण्णा म्हणतात तिथे खण."

दीड पुरुष खोलीवर लोखंड दगडावर आपटलं. घडीव दगड. एकाला एक लागून बसवलेले, दोन्ही बाजूंनी, इतकी वर्षं मातीखाली न हललेले. मुनियप्पा ऐंशीव्या वर्षी त्या खड्ड्यात उतरले आणि त्यांनी दगडावरून हात फिरवला.  वर सगळी सोसायटी टाळ्या वाजवत होती. ज्यांनी लिफ्टमध्ये तोंडं फिरवली होती तीही.

अक्कांनी नवा नकाशा काढला. खरं वळण दाखवणारा. खाली "मापन" म्हणून स्वतःचं नाव लिहिलं आणि त्याच्या वर, "मार्ग दाखवणारे" म्हणून मुनियप्पांचं. त्यांची कानडीतली सही घेतली. त्याची एक प्रत सर्व्हे ऑफिसात देऊन, पोच घेऊनच त्या परतल्या.

भाद्रपदात एका दुपारी आभाळ फाटलं. आम्ही सगळे बाल्कनीत. माळावरचं तांबडं पाणी भिंतीखालच्या नव्या तोंडातून आत शिरलं, दगडी कालव्यात पडलं, वळणावर वळलं आणि फेसाळत तळ्याकडे निघालं. पोरं पाण्याबरोबर धावत होती. बेसमेंट कोरडं राहिलं. तीन आठवड्यांत तळं काठोकाठ भरलं आणि बोअरला पाणी आलं.

त्या दिवसांत प्रधान आणि अक्का तळ्याच्या बांधावर फिरायला जायचे. टेनिस सुटल्यापासून प्रधानांना चालण्याचा नाद लागला होता. एका सकाळी मीही होते.

"आता तर मोजून झालं ना इंदूताई," प्रधान म्हणाले. "मग त्या विषयाचं उत्तर द्या. नकाशा त्यांचा नसता तर हे तळं भरलं असतं का?"

अक्का चालत राहिल्या. "नकाशा सुरेख होता. मी त्या माणसाला नमस्कार करतो. पण तो शेतसारा वसूल करायला काढला होता साहेब, पाणी राखायला नव्हे. मुनियप्पाच्या पणज्याला हे तळं पाठ होतं. साहेबानं ते कागदावर घेतलं, आणि तळं सरकारजमा केलं. इनाम गेलं. मोरी उघडायची तर परवानगी मागा. आपल्या गावच्या पाण्याला हात लावायला जो परवानगी मागतो तो मोकळा कसा? आणि गाळ काढणारा गेल्यावर तळं श्रीमंत कसं राहणार?"

"आणि कोर्ट? ते तर आपणच बांधलं."

"तेच म्हणते मी. ते आपलं पाप. ते त्यांच्या नावावर टाकायचं नाही." रागात असल्या की अक्कांचं "म्हणतो" सुटून पुस्तकी "म्हणते" यायचं. "त्यांनी दिलं ते वापरायचं, नेलं ते विसरायचं नाही, आणि आपण मोडलं ते आपण नीट करायचं. माझी बेरीज एवढी येते. तुमची वेगळी आली तर दाखवा."

प्रधान म्हणाले, "थर्मास तुमच्याकडे पाठवून देतो." त्यांनी खरंच पाठवला.

पुढच्या उन्हाळ्यात अक्का लेकीकडे बेळगावला गेल्या आणि तिथेच, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन, गेल्या. माझ्या मनात राहिलेलं त्यांचं दर्शन मात्र बेळगावचं नाही, त्याआधी तळं भरलं तेव्हाचं आहे.

तळं भरून सांडव्यावरून पाणी वाहायला लागलं की गावच्या बायका पाण्याला वाण देतात. त्याला बागिना म्हणतात. सुपात हळदकुंकू, बांगड्या, फुलं, धान्य. कित्येक वर्षांत गावानं बागिना दिलं नव्हतं, कारण सांडवा वाहिलाच नव्हता. त्या सकाळी वाजंत्री लागली, आणि आमच्या सोसायटीतल्या बायकाही नटून बांधावर गेल्या. अक्का आपल्या नेहमीच्या साडीत, गर्दीच्या मागे उभ्या. पहिलं सूप मुनियप्पांच्या सुनेच्या हातात होतं. ती गर्दीतून वाट काढत मागे आली आणि तिनं ते अक्कांसमोर धरलं.

अक्का एक पाऊल मागे सरल्या. "मी नको गं. माझे यजमान नाहीत."

 मुनियप्पा पुढे आले. "अक्का, पाण्याला ते ठाऊक नाही. आत्ता तुमच्याशिवाय कुणी पुढे जाणार नाही."

आणि खरंच कुणी हललं नाही. ना गावातलं, ना सोसायटीतलं. प्रधानसाहेब टोपी हातात घेऊन उभे होते.

माझी ऑफिसची कॅब रस्त्यावर हॉर्न वाजवत होती, मला निघावं लागलं. बांधाच्या टोकावरून मी वळून पाहिलं. अक्का घोटाभर चिखलात उतरल्या होत्या, एका बाजूला मुनियप्पांची सून, दुसऱ्या बाजूला त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, ज्यांनी त्यांना कुणाच्या बाजूच्या म्हणून विचारलं होतं. अक्कांनी वाकून सूप पाण्यावर ठेवलं. ते जरा डुललं, सांडव्याच्या ओढीला लागलं आणि फुलांसकट पलीकडे उतरलं. बायकांनी एकच जल्लोष केला, आणि गुडघ्यापर्यंत भिजलेल्या इंदूअक्का दोन्ही हात वर करून, लहान मुलीसारख्या, हसत होत्या.